बाकी काय?

मराठी माणसाचं बोलणं संपत आलं की तो विचारतो, "बाकी काय?" खरं तर सगळं बोलून झालेलं असतं. पाऊस झालेला असतो, गुडघे झालेले असतात, मुलाची बदली आणि कांद्याचा भावही झालेला असतो. तरी फोन ठेवण्याआधी, फाटकाची कडी लावण्याआधी हा प्रश्न येतोच. उत्तरही ठरलेलं आहे : "बाकी काही नाही." म्हणजे भागाकार निःशेष झाला, आता ठेवा.

माझ्या कानाला मात्र हा शब्द जरा वेगळा लागतो, कारण माझं आयुष्य बँकेत कॅशच्या खिडकीमागे गेलं. बँकेशी माझा छत्तीसचा आकडा कधी नव्हता. नोकरीची वर्षं तेवढी छत्तीस भरली. रोज संध्याकाळी रोकड मोजायची, वहीशी ताळा घालायचा आणि फरक शून्य आला की घरी जायचं. हजाराचा फरक चटकन सापडतो, एक रुपयाचा सापडत नाही. एक रुपया कमी पडला तर निदान स्वतःच्या खिशातून टाकायचा मोह तरी होतो. एक जास्त आला तर माणूस अगदीच निराधार होतो. त्या जादा रुपयापायी मी किती गाड्या चुकवल्या, याचा हिशेब मात्र लिहून ठेवलेला नाही.

निवृत्तीनंतर आम्ही लोणावळ्यात राहायला आलो. शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनचालक राहतात. उभी हयात त्यांनी बोरघाटात बँकर चालवला. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, ती गाडीला ढकलत घाट चढवतात आणि लोणावळ्याला सुटतात. त्यांना बँकर म्हणतात. त्यामुळे कुणाशी ओळख करून देताना ड्रायव्हरसाहेब सांगतात, "हेही बँकर, मीही बँकर. फरक इतकाच, की मी ढकललेलं वर पोचायचं आणि यांनी ढकललेलं सोमवारवर जायचं." रोज संध्याकाळी कुंपणाशी आमची बैठक होते. उठताना ते विचारतात, "बाकी काय?" मी म्हणतो, "बाकी काही नाही." आणि कडी लागते.

तर गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी नातू आला होता. पावसाळी रविवारी लोणावळ्याचे लोक घराबाहेर पडत नाहीत. त्या दिवशी गाव पुण्या-मुंबईच्या ताब्यात असतं. भुशी धरणाच्या दिशेनं गाड्यांची रांग लागलेली, बाहेर धुकं, आत दिवे गेलेले. आत्याला पाठवायच्या चिक्कीच्या खोक्यावर मी पत्ता लिहीत होतो. खाली आमचा पिन कोड घातला : ४१०४०१. नातू सातवीत आहे. तो आकड्याकडे बघत म्हणाला, "आजोबा, हा प्राइम आहे का?"

आमच्या वेळी मूळ संख्या म्हणत. एक आणि ती स्वतः, एवढ्यांनीच जिला पूर्ण भाग जातो ती. पण गावाचा पिन कोड मूळ आहे की काय, ही शंका मला आजवर कधी आली नव्हती. पिन कोड हा लिहिण्याचा आकडा. त्याला कुणी भागत बसत नाही.

हा आकडा मुळात एका मराठी माणसाच्या डोक्यातून निघाला. केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. वेलणकर संस्कृतचे कवी होते. वृत्तात अक्षरं मोजून बसवण्याची सवय असलेल्या माणसानं देशाचा पत्ता सहा अंकांत बसवला, यात मला तरी नवल वाटत नाही. पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या विभागाचा. पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. ४१० ही चूल घाटाच्या वर आणि खाली एकच आहे : खाली कर्जत ४१०२०१, पनवेल ४१०२०६, वर आम्ही.

"आधी शेजारपाजार बघू," मी नातवाला म्हटलं. तळेगाव दाभाडे ४१०५०६, वडगाव मावळ ४१२१०६ : दोन्ही सम, बघताक्षणी बाद. कामशेत ४१०४०५, शेवटी पाच, तेही बाद. खंडाळा ४१०३०१ जरा आशा दाखवतो. पण अंकांची बेरीज नऊ, म्हणजे नवानं भाग जाणारच. उरलो आम्ही. बेरीज दहा, म्हणून तीन नाही. शेवटी एक, म्हणून दोन नाही आणि पाचही नाही. सातानं भागलं, पाच उरले. अकरानं दोन, तेरानं चार, सतरानं पुन्हा चार.

"कुठपर्यंत भागायचं?" नातवानं विचारलं. मी खोक्यातली चिक्की काढली. चिक्की कशी करतात ते त्यानं बघितलेलं आहे : गुळाच्या पाकात दाणे घालायचे, तेल लावलेल्या ओट्यावर गोळा ओतायचा, गरम आहे तोवर लाटून पातळ करायचा आणि लगेच उभ्या-आडव्या रेघा मारायच्या. जरा उशीर झाला की रेघ ऐकत नाही, चिक्की तिला हवं तिथेच मोडते. सरळ रेघा पडल्या की तुकड्यांची संख्या रांगा गुणिले ओळी. म्हणून अख्ख्या ताटातल्या तुकड्यांची संख्या सहसा मूळ नसते. आता ४१०४०१ तुकड्यांचं असं चौकोनी ताट जमवायचं असेल, तर त्याची एक बाजू ६४० किंवा त्याहून लहान असलीच पाहिजे. कारण ६४१ला ६४१नं गुणलं की ४१०८८१ होतात, म्हणजे माल संपला. तेव्हा ६४०च्या आतल्या मूळ संख्यांनी भागून बघायचं आणि थांबायचं. अशा संख्या ११५.

"आणि एकीनंही भाग नाही गेला तर?"

"तर सगळे तुकडे एकाच ओळीत मांडायचे. इंचभराचा तुकडा धरला तर ओळ साडेदहा किलोमीटरच्या आसपास जाईल. लोणावळ्यात सुरुवात केली तर कार्ल्याच्या लेण्यांजवळ संपेल."

नातवाला ही कल्पना गणितापेक्षा जास्त आवडली. मला मात्र वेगळंच सुचलं. लोणावळा हे नाव 'लेणावली'वरून, म्हणजे लेण्यांच्या ओळीवरून आलं असं सांगतात. नावातच एक ओळ असलेलं गाव. त्याचा आकडाही एकाच ओळीत उभा राहणारा निघाला तर?

फोनला विचारलं असतं तर त्यानं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सांगितलं असतं. पण दिवे गेलेले होते, फोनची बॅटरी संपत आलेली होती, आणि मुख्य म्हणजे जे भागाकार आपण फुकट करू शकतो ते यंत्राला का द्यावेत? संध्याकाळी लोकलमध्ये बसताना नातवानं बजावलं, "आजोबा, फसवायचं नाही. हातानं करायचं." मी जुन्या कोऱ्या खातेवहीचं पान उघडलं. किती वर्षांनी बोटांना काम मिळालं होतं!

एकोणिसानं भागायला घेतलं आणि भागाकार अगदी मऊ लोण्यासारखा सरकत गेला. २१६००. शेवटी खाली बघितलं तर उरला एक. मी मोठ्यानं म्हणालो, "एकवीस हजार सहाशे!"

"श्वास," आतून बायकोचा आवाज आला.

"काय?"

"अहो, एकवीस हजार सहाशे म्हणजे दिवसाचे श्वास. मिनिटाला पंधरा. अजपा जप म्हणतात तो हाच ना."

बायको सकाळी प्राणायाम करते. लोणावळ्यात राहून प्राणायाम न करणं म्हणजे नाशकात राहून गोदावरी न बघण्यासारखं. स्वामी कुवलयानंदांनी इथे १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं आणि योग प्रयोगशाळेत आणून बसवला. श्वास नुसता घ्यायचा नाही तर मोजायचाही, ही सवय या गावाला तेव्हापासून. मिनिटाला पंधरा, तासाला नऊशे, दिवसाला २१६००. म्हणजे आमचा पिन कोड काय झाला? एकोणीस दिवसांचे श्वास, आणि वर एक.

मी पेन्सिल खाली ठेवली. ४१०४०० हा आकडा किती मनमिळाऊ आहे! त्याला दोनानं भाग जातो, तिनानं जातो, पाचानं जातो, एकोणिसानं जातो. बारा मावळात समान वाटला तरी कुणाची तक्रार येणार नाही. त्यात नुसता एक घातला, तर आता तो या चौघांपैकी कुणाच्याच वाटणीला जात नाही. दर वेळी तो एक बाहेर उभा.

ड्रायव्हरसाहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या शाळेत एक मास्तर कापरेकरांचं नाव घ्यायचे. त्यांना विचारायला हवं होतं तुम्ही."

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन. म्हणजे आमच्या घाटातून त्यांचं जाणं-येणं झालंच असणार. पुढे १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक. ना विद्यापीठाची खुर्ची, ना मोठी पदवी. आकड्यांशी गप्पा मारायची आवड तेवढी अफाट. त्यांचा ६१७४ आता जगभर ठाऊक आहे. चार अंकी आकडा घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा, पुन्हा तेच करा. फार तर सात वेळा, की ६१७४ येतोच. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली ते १८६३ साल घेऊन मी बघितलं : ७२६३, ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. घाटात सहा वळणं घेतली आणि गाडी स्टेशनात. हे त्यांनी १९४९ साली जाहीर केलं. १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिल्यावर जगाचं लक्ष गेलं. एका जातीच्या संख्यांना तर त्यांनी रेल्वे स्टेशनाचं नाव दिलं : डेम्लो, म्हणजे आजची डोंबिवली. स्टेशनाला आकडा देणारे पुष्कळ. आकड्याला स्टेशन देणारा हा एकच.

त्यांच्या दारात आमचा आकडा नेऊन उभा केला. पहिली परीक्षा हर्षद संख्येची : आपल्या अंकांच्या बेरजेनं जिला भाग जातो ती हर्षद, आनंद देणारी. आमची बेरीज दहा, शेवटी एक, नापास. खंडाळा मात्र पास, बेरीज नऊ आणि नवानं भाग जातो. खंडाळ्याला आनंद मिळतो हे हिंदी सिनेमाला आधीच कळलेलं होतं, आता गणितानंही मान्य केलं. दुसरी परीक्षा स्वयंभू संख्येची : जी कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही ती. इथेही नापास. ४१०३७८ घ्या, अंकांची बेरीज २३, मिळवा. आमचा पत्ता हजर. लोणावळा स्वयंभू नाही, त्याला आईबाप आहेत.

ड्रायव्हरसाहेब जरा हिरमुसले. म्हणाले, "मग आमची राणी तरी बघा." दख्खनची राणी १ जून १९३० रोजी धावू लागली, म्हणजे कापरेकर देवळालीत रुजू झाले त्याच साली. सकाळी मुंबईला नेते ती १२१२४ : बेरीज दहा, भाग जात नाही. संध्याकाळी घरी आणते ती १२१२३ : बेरीज नऊ, भाग जातो, हर्षद! नोकरीला नेणारी गाडी आनंद देत नाही आणि घरी आणणारी देते. पासधारकांना हे सांगायला कापरेकरांची गरज नव्हती, पण पुरावा मिळाला.

आठवडाभर पाऊस थांबला नाही आणि माझे भागाकारही. ४१वर आलो तेव्हा वाटलं, हा आकड्याच्या डोक्याशीच बसलाय, जाणार. बत्तीस उरले. ४०१ तर शेपटीलाच चिकटलेला, घरचाच माणूस. एकशे अठ्ठ्याहत्तर उरले. १५७नं तीन, २११नं सहा. वहीत उजव्या बाजूला बाक्यांची ओळ लांबत चालली.

शुक्रवारी रात्री ५९३ला बाकी शून्य आली.

मी वहीकडे बघत बसलो. छत्तीस वर्षं याच शून्यासाठी मी नोटा दोन-दोनदा मोजल्या. फरक शून्य दिसला की छातीवरचा दगड उतरायचा, छत्री उचलायची, स्टेशन गाठायचं. आणि आज तेच शून्य समोर होतं तर घशात काहीतरी अडकलं. गाव विभागलं गेलं होतं, ५९३ ओळींत व्यवस्थित मांडलं गेलं होतं. बायको म्हणाली, "झोपा आता." पण कॅशियरची एक खोड जात नाही : टॅली झालं तरी पुन्हा मोजायचं. पुन्हा मोजलं. मधल्या एका पायरीला आकडा चुकीचा उतरवला होता. बाकी शून्य नव्हती, पंचेचाळीस होती.

बाकी राहिली म्हणून आनंदानं झोपलेला मी पहिलाच कॅशियर असेन.

शनिवारी ६१९ अवघ्या चारानं हुकला आणि ६३१ शेवटचा. दोनशे एक्कावन्न उरले. ४१०४०१ ही मूळ संख्या आहे. नातवाला फोन केला. तो म्हणाला, "मी सोमवारीच बघितलं होतं, आजोबा. पण सांगितलं नाही." हल्लीची मुलं शहाणी असतात.

मग त्यानंच नवं खूळ डोक्यात घातलं. चौकोनी ताट होत नाही, पण दोन ताटं केली तर? दोन्ही अगदी चौरस? इथे सतराव्या शतकातला फर्मा मदतीला येतो. त्यानं सांगितलं आणि पुढच्या शतकात ऑयलरनं सिद्ध केलं : ज्या मूळ संख्येला चारनं भागून बाकी एक उरते, ती दोन वर्गांची बेरीज असतेच, आणि एकाच तऱ्हेनं असते. आमच्या आकड्याला चारनं भागून काय उरतं? पुन्हा तोच एक. ६४०पासून खाली उतरत गेलो, सतराव्या पायरीला सापडलं : ६२४चा वर्ग अधिक १४५चा वर्ग. एक मोठं ताट, एक लहान, आणि एकही तुकडा बाहेर नाही. लोणावळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंचीही सव्वासहाशे मीटरच्या आसपास सांगतात. गावात योग होताच, त्यात हा योगायोग.

हे सगळं मी बायकोला मोठ्या कौतुकानं सांगितलं. तिनं विचारलं, "असे आकडे फार दुर्मीळ असतात का?" खोटं कसं बोलणार? या आकाराच्या संख्यांत सरासरी दर तेरांत एक मूळ असते. "मग एवढं काय!" ती म्हणाली. माझा आकडा मोठाही नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या म्हणजे दोनाचा १३६२७९८४१वा घात वजा एक. तिच्यात चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस अंक आहेत. श्वासाला एक अंक म्हटला तर वाचायला पाच वर्षांहून जास्त लागतील. मी पाहिलं ते एवढंच, की तिथेही एक आहेच. तिकडे कमी केलेला, आमच्याकडे वर ठेवलेला.

दुसऱ्या दिवशी एक लग्न होतं. बायको पाकिटात आहेर घालत होती. पाचशेची नोट घातली आणि डब्यातून एक रुपयाचं नाणं शोधायला लागली. मी म्हटलं, "पाचशे दिले काय आणि पाचशे एक काय?"

"पाचशे म्हणजे हिशेब मिटवल्यासारखे वाटतात. वर एक असला की दोघांत निम्मे-निम्मे होत नाहीत, एकत्र ठेवावे लागतात."

हे मी युक्लिडकडून ऐकलं होतं, पण इतक्या थोडक्यात नाही. सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्यानं दाखवलं की मूळ संख्या संपत नाहीत. तुम्हाला ठाऊक आहेत तेवढ्या सगळ्या गुणा आणि वर एक ठेवा. दोन त्रिक सहा, सहा पंचे तीस, वर एक, एकतीस. तुमच्या यादीतल्या कुणीही भागलं तरी एक उरणारच. म्हणजे यादीबाहेरचं कुणीतरी आहे. वरचा एक ठेवला म्हणून संख्या स्वतः मूळ होतेच असं नाही. तेरापर्यंतच्या साऱ्या गुणून एक वर ठेवला तर ३००३१ येतात, आणि त्याला ५९नं भाग जातो. खंडाळ्याच्याही शेपटीला एक आहेच की. पण दार उघडं राहतं ते त्या एकामुळे.

नाणं सापडलं नाही. शेवटी माझ्या जुन्या पाकिटात एक निघालं. बँकेतल्या त्या न जुळलेल्या रुपयांपैकी नव्हे, हे आधीच सांगतो.

संध्याकाळी पाऊस उघडला होता. ड्यूक्स नोजकडचं धुकं वर सरकत होतं, खालून गाडीला ढकलत येणाऱ्या बँकरचा आवाज घुमत होता. ड्रायव्हरसाहेब त्या आवाजाकडे कान देऊन उभे होते. पाऊस झाला, गुडघे झाले, लग्नातल्या मसालेभातापर्यंत सगळं बोलून झालं. ते फाटकापाशी गेले आणि सवयीनं म्हणाले, "मग, बाकी काय?"

"एक," मी म्हणालो.

कडीवर गेलेला त्यांचा हात थांबला.